एकशेवीस उजव्या बाह्या

माझी थोरली बहीण कापड कापते. एवढं सांगितलं की लोक लगेच म्हणतात, "म्हणजे शिवणकाम करते का?" आणि माझं डोकं फिरतं. शिवणारी माणसं वेगळी, कापणारी वेगळी. शिवताना चुकलं तर टाके उसवता येतात. कापलं ते कापलं. आमच्या कारखान्यात हॉस्पिटलचे गणवेश तयार होतात. लांबलचक टेबलावर साठ थर कापड अंथरायचं, वर आखणीचा कागद ठेवायचा आणि विजेवर चालणाऱ्या उभ्या पात्याच्या सुरीने साठही थर एकदम कापायचे. कागदावरची एक रेघ चुकली की साठ तुकडे वाया. ताईने सव्वीस वर्षं ती सुरी चालवली आणि तेवढ्या काळात एक तुकडा वाया घालवला नाही. तिची आखणी कधी कुणी मापून बघितली नाही. बघायची गरजच वाटली नाही कुणाला.

मी त्याच कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसते. तयार गणवेश उलटेपालटे करून चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. भावोजी म्हणतात की घरी हेच काम मी फुकट करते. चौदा वर्षांपूर्वी नवऱ्याशी पटेना म्हणून मी चार दिवसांसाठी ताईकडे आले, ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. त्यामुळे भावोजींचे टोमणे मी मुकाट्याने ऐकून घेते. म्हणजे तसा प्रयत्न करते.

तर ताईची झोप. शेहेचाळिसाव्या वर्षी ती एकदम रुसून बसली. कारण काही नाही. घरात कटकट नाही, आजार नाही, तिची स्वतःची सासूसुद्धा दुसऱ्या गावाला. भावोजी उशीला डोकं टेकताच घोरायला लागणारा माणूस, आणि त्यांच्या शेजारी ही टक्क जागी. सुरुवातीला आम्ही थट्टा केली. "त्यांच्याच घोरण्याने जाग येत असेल, त्यांना गच्चीवर झोपव," असं मी म्हटलं. भावोजी खरोखरच पंधरा दिवस बाहेरच्या खोलीत झोपले. तरी हिच्या डोळ्याला डोळा लागेना. सहा महिने गेले, वर्ष गेलं, अडीच वर्षं गेली. गरम दूध झालं, तळपायाला तेल चोळून झालं, शंभरापासून उलटे आकडे मोजून झाले. ताई म्हणाली, "आकडे मोजता मोजता मला दुसऱ्या दिवशीचे गणवेश मोजता येतात, तेवढाच फायदा."

डॉक्टरकडे जायला ती तयार नव्हती. झोपेची गोळी म्हणजे कमकुवत मनाच्या माणसाचं काम, असं तिचं ठाम मत. पण एक दिवस मी तिला टेबलापाशी बघितलं. तिने एकाच खांद्याचं माप तीन वेळा घेतलं. माझ्या बहिणीने. त्या दिवशी मी सुट्टी टाकली, तिची टाकायला लावली आणि तिला दंडाला धरून घेऊन गेले.

डॉक्टरबाई मध्यमवयीन, कमी बोलणाऱ्या. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, चहा किती, दिवसा डुलकी घेता का, मन उदास असतं का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "दोन आठवडे रोज लिहून ठेवा. किती वाजता पडलात, अंदाजे कधी झोप लागली, कितीदा जाग आली, कधी उठलात."

ताईने लिहून आणलं नाही, आखून आणलं. तपकिरी कागदाचा गुंडाळा तिने डॉक्टरबाईंच्या टेबलावर सोडला तो टेबलाच्या कडेवरून खाली लोंबायला लागला. एका रात्रीसाठी एक पट्टी. एक इंच म्हणजे एक तास. जागेपण मोकळं सोडलेलं, झोप पेन्सिलने भरलेली. डॉक्टरबाईंनी पट्ट्यांवरून नजर फिरवली.

"सरासरी साडेचार इंच," त्या म्हणाल्या.

"सव्वाचार," ताई म्हणाली. "तुम्ही वर वर बघितलंत."

मला तिथेच हसू फुटलं. पण ती मापाच्या बाबतीत कुणाचंही ऐकत नाही, डॉक्टरांचंही नाही.

पहिले दोन महिने गोळी नव्हतीच. रोज ठरलेल्या वेळी उठायचं, झोप झालेली असो वा नसो. दुपारी आडवं व्हायचं नाही. बिछान्यात फक्त झोपायचं. तिथे बसून हिशोब, काळज्या, पेन्सिल काही नाही. ताईने ते सगळं शिस्तीत केलं. सव्वाचाराचे पाच इंच झाले आणि तिथेच अडले. तेव्हा डॉक्टरबाईंनी कमी ताकदीची गोळी लिहून दिली आणि चार गोष्टी बजावल्या. गोळी बिछान्यावर बसूनच घ्यायची आणि लगेच दिवा मालवायचा. पुढे निदान सात-आठ तास हातात असले पाहिजेत. सकाळी जराही जड वाटलं तर सुरीला हात लावायचा नाही. आणि चार आठवड्यांनी परत दाखवायचं.

गोळीने काम केलं. पहिल्या आठवड्यातच सहा इंच, मग साडेसहा. ताईचा चेहरा बदलला. भावोजींना ती गाण्याच्या भेंड्यांत हरवायला लागली. मीही खूष होते. पण कारखान्यात यातलं काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. ठरवलं मीच. झोपेची गोळी घेणाऱ्या बाईच्या हातात कोण सुरी देईल?

चूक झाली ती तिसऱ्या आठवड्यात, आणि ती कापणाऱ्या माणसाच्याच हातून व्हावी अशी होती. सगळे जुने कापणारे दुसऱ्या दिवसाची आखणी आदल्या दिवशी उरकून ठेवतात. सकाळी कागद तयार, सुरी तयार. ताईही जेवणानंतर स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद पसरून तासभर आखत बसायची. त्या रात्री आखणी जरा लांबली. झोपायची वेळ टळून गेली तर उद्याचं सगळंच कोसळेल, म्हणून तिने टेबलापाशीच गोळी घेतली. तिला वाटलं, गोळी अंगात भिनायला वीस मिनिटं लागतात, आणि दोनच बाह्या तर राहिल्यात.

मी तेव्हा पाणी प्यायला आले होते. ती आखत होती. मी विचारलं, "अजून झालं नाही?" ती म्हणाली, "बाह्या आखते आणि झोपते." डोळे उघडे, आवाज नेहमीचा, रेघ सरळ. मी पाणी पिऊन निघून गेले. सकाळी चहा घेताना तिने विचारलं, "काल मी पेन्सिल कधी ठेवली गं?" मी म्हटलं, "मला काय विचारतेस, मी काय तुझी पेन्सिल राखत बसते?" तिने कागद उलगडून पाहिला. सगळं तिच्या हातचं, कोपऱ्यात तिची सही. स्वतःच्या हातच्या रेघेवर तिने आयुष्यात कधी संशय घेतला नव्हता. तिने कागद गुंडाळला आणि आम्ही निघालो.

साडेअकरा वाजता शिलाईच्या बायका उठून आल्या. गठ्ठ्यात सगळ्या उजव्याच बाह्या होत्या. साठ थर, प्रत्येक थरात दोन, अशा एकशेवीस उजव्या बाह्या. डावी एकही नाही.

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावरच आहे. आमच्या कापडाला सुलटी आणि उलटी बाजू असते. ते दोन तऱ्हांनी अंथरतात. एक म्हणजे प्रत्येक थराची सुलटी बाजू वर. मग कागदावर उजवी आणि डावी अशा दोन्ही बाह्या आखाव्या लागतात. दुसरी तऱ्हा तोंडाला तोंड: एक थर सुलटा, त्यावर दुसरा उलटा. तसं अंथरलं तर आखलेल्या एकाच बाहीच्या थराआड उजव्या-डाव्या जोड्या आपोआप पडतात. म्हणजे त्या दिवशी कापड तोंडाला तोंड लावून अंथरलेलं असतं, तर ताईचा दोन्ही उजव्या बाह्यांचा कागदही बिनचूक ठरला असता.

आणि कापड अंथरायचं काम होतं अंथरूणकाकांचं. खरं नाव काय ते त्यांच्या बायकोलाच माहीत. कारखान्यात सगळे त्यांना अंथरूणकाकाच म्हणतात. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, गुडघे दुखणारे, सरळ मनाचे. अंथरूण काकांनी घालायचं आणि झोप ताईला लागायची नाही, अशी थट्टा मी घरी कितीदा केली असेल. मागच्या वर्षी एकदा त्यांनी खरोखरच उलटसुलट करून ठेवलं होतं आणि मालकांनी तेव्हाच सांगितलं होतं, पुन्हा असं झालं तर घरी बसा.

मालक टेबलापाशी आले. त्यांनी बाह्या बघितल्या, ताईचा कागद बघितला आणि थेट काकांकडे वळले.

"काका, तोंडाला तोंड लावायचं होतं ना?"

काकांचा चेहरा उतरला. "सुलटं वर सांगितलं होतं असं वाटतंय मला," ते म्हणाले. मग ताईच्या कागदाकडे बघून, "पण बाईंचा कागद चुकायचा नाही. माझंच ऐकण्यात काहीतरी झालं असेल."

म्हातारा माणूस स्वतःवर घेऊन मोकळा झाला होता. मला आदल्या रात्रीचं स्वयंपाकघर आठवलं. ताई माझ्याकडे बघत होती. आणि मी, आता सांगायला लाज वाटते, पण मी तपासणीच्या टेबलामागून ओठावर बोट ठेवलं. गप्प राहा म्हटलं तिला. एका म्हाताऱ्याची नोकरी जात होती आणि मी माझ्या बहिणीची सुरी वाचवत होते.

ताईने नजर काढून घेतली. "मालक, थर बरोबर आहेत," ती म्हणाली. "मी सुलटं वरच सांगितलं होतं. आखणी माझी चुकली."

मालकांना धक्का बसला, पण मग ते हसले. "सव्वीस वर्षांत एकदा. जाऊ द्या, माणूस आहे."

इथे विषय संपला होता. काका वाचले होते, ताईही वाचली होती. पण ही बाई हलेना.

"नुसती चुकले असते तर जाऊ दिलं असतं," ताई म्हणाली. "पण मला ही आखणी केलेली आठवतच नाही. मी झोपेची गोळी घेते, डॉक्टरांनी लिहून दिलेली. काल ती घेऊन मी आखत बसले. हात चालला आणि मी नव्हतेच तिथे."

शिलाईच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मालक हळू आवाजात म्हणाले, "हे सांगायची काही गरज होती का बाई?"

"होती. मी कापते तेव्हा समोरून थर कोण धरतं? काका धरतात. त्यांची दहाही बोटं पात्यापासून वीतभर लांब असतात." तिने सुरीचं बटण बंद केलं, पात्यावर लाकडी म्यान चढवलं आणि ती मालकांसमोर ठेवली. "डॉक्टर ठीक म्हणेपर्यंत ही दुसऱ्या कुणाकडे द्या."

सुरी दुसऱ्या पाळीच्या कापणाऱ्याकडे गेली. त्या दिवशी घरी पोचल्यावर मी म्हटलं, "ताई, मी तुला खूण केली होती."

"बघितली," ती म्हणाली. "म्हणून तर जोरात बोलले. नाहीतर माझाही विचार बदलला असता."

दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरबाईंकडे. ताईची मान खाली. शिकलेलं पाठ न आलेल्या मुलीसारखी ती उभी होती. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं, रागावल्या नाहीत. "गोळी घेऊन जागं राहिलं की असं होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "काही जणांना तर झोपल्यावरही उठून कामं केल्याचं आठवत नाही. एकदा असं झालं की ही गोळी पुन्हा द्यायची नाही. ही तुमच्यासाठी बंद."

ताई घाबरलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे. "म्हणजे परत पाच इंच?" तिने विचारलं.

"नाही. वेगळ्या जातीचं औषध देते, अगदी थोडं, आणि तेही कायमचं नाही. पण यावेळी खरं काम तुम्ही करायचं. बिछान्यात किती वेळ असता?"

"नऊ तास."

"आणि झोपता पाच. नऊ इंच कापडात पाच इंचाचं माप घालून बसला आहात. उद्यापासून बिछाना साडेपाच तासांचाच. त्यात झोप भरली की पाव पाव इंच वाढवू."

हे ताईला एकदम पटलं. उपदेश केला असता तर तिने मान हलवून सोडून दिला असता. पण जास्तीचं कापड काढून टाका म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. तिने पेन्सिल मागितली आणि तिथेच कागदावर नवी पट्टी आखली. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. संध्याकाळी ती उभ्या उभ्या पेंगायची आणि झोपायची वेळ झालेली नसायची. तिला जागं ठेवायचं काम भावोजींकडे होतं. ज्या माणसाला स्वतःला जागं राहता येत नाही, त्याने तीन महिने बायकोबरोबर पत्ते खेळून वेळ काढला. एकदा पत्ते हातात धरूनच ते झोपले आणि ताईने त्यांचे पत्ते बघून डाव जिंकला. मला त्या माणसाबद्दल तेव्हापासून जास्त आदर आहे, टोमण्यांसकट.

पेन्सिल, पट्टी आणि कागद कपाटात. कपाटाची किल्ली माझ्याकडे. नऊ वाजले की मी कुलूप लावायची. "थोडं राहिलंय गं," ती म्हणायची. मी म्हणायची, "उद्या." आयुष्यात पहिल्यांदा तिने माझं ऐकलं.

कारखान्यात तिला छोट्या टेबलावर बसवलं होतं, हातकात्री देऊन. तिच्यापुढे ठेवल्या होत्या जास्तीच्या साठ उजव्या बाह्या. त्या टाकून देऊ म्हणाले मालक. ताईने ऐकलं नाही. एका बाहीतून ऑपरेशनच्या खोलीत घालायची एक टोपी निघते, हे तिने कागदावर मांडून दाखवलं. बाकीच्या किरकोळ कामातून ती दिवसाला दोन-तीन कापायची, तेही चिंधी उरू न देता. येणारेजाणारे लोक तिच्याकडे बघायचे. कुणाला दया यायची, कुणाला बरं वाटत असेल. ती मान वर करून कापत राहिली. मला आधी तिच्याजवळून जाताना शरम वाटायची. मग एक दिवस शिलाईची एक बाई तिच्या टेबलाशी वाकून काहीतरी विचारताना दिसली, मग दुसरी. जेवणाच्या सुट्टीत तिथे रांगच लागायला लागली. निम्म्या कारखान्याला झोप येत नव्हती आणि कुणीच बोलत नव्हतं. त्यातली एक शेजारणीच्या गोळ्या मागून खात होती. ताईने तिला असं झापलं की ती दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून डॉक्टरकडे गेली. "माझी गोळी मागू नका," ताई सगळ्यांना सांगायची. "मला लिहून दिलेलीसुद्धा मला चुकली. स्वतः जा, स्वतःचं माप द्या." तेव्हा माझी मान आपोआप ताठ झाली. ती माझी बहीण आहे, हे मी नव्या आलेल्या बायकांना मुद्दाम सांगायला लागले.

चौथ्या महिन्यात औषध निम्मं झालं, मग एक दिवसाआड. कागदावर सव्वासहा इंच पडले, आणि औषध नसलेल्या रात्रीही सहा. आठवड्यामागून आठवडे माप हललं नाही. डॉक्टरबाईंनी गुंडाळा शेवटपर्यंत उलगडून पाहिला, मालकांना चिठ्ठी लिहून दिली आणि मग म्हणाल्या, "हा कागद तुमचं काम झाल्यावर मला द्याल का?" ताई म्हणाली, "विचार करते."

ज्या सकाळी सुरी परत तिच्यापुढे आली, त्या सकाळी मी तपासणीचं टेबल सोडून तिथे जाऊन उभी राहिले. मालकही होते. काकांनी साठ थर अंथरले होते, सुलटं वर. ताईने आखणीचा कागद पसरला. सुरी उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. गळ्यातली मापाची फीत काढून तिने काकांपुढे धरली.

"काका, तुम्ही मापून बघा."

काका दोन पावलं मागे सरले. "मी? तुमची आखणी?"

"यापुढे रोज. तुमची सही झाल्याशिवाय मी कापणार नाही. बोटं तुमची आहेत."

काकांनी चष्मा लावला. खांदा, छाती, पाठ, खिसा. गुडघे दुखत होते तरी टेबलाभोवती पूर्ण फेरी मारली. त्यांना पाऊण तास लागला. एरवी एवढ्या वेळात ताईचा अर्धा गठ्ठा कापून होतो. शिलाईच्या बायका कामाविना बसून होत्या आणि मालक घड्याळ बघत नव्हते. ताई हात मागे बांधून उभी होती. जिची रेघ कुणी कधी मापली नव्हती ती माझी बहीण, सगळ्यांसमोर निकालाची वाट बघत.

"माप बरोबर आहे," शेवटी काका म्हणाले.

"बाह्या?" ताईने विचारलं.

काका परत वाकले. दोन्ही बाह्यांवर त्यांनी एकेक तळहात ठेवला.

"एक उजवी," ते म्हणाले, "एक डावी."

त्यांनी कोपऱ्यात ताईच्या सहीखाली आपली सही केली. मग टेबलाच्या पलीकडे जाऊन, नेहमीच्या जागी, दोन्ही हातांनी थर धरले.